विधीचा भार कोणावर?
सूत्रपाठातील स्त्रीविषयक वचनांचा प्रकरणानुसार विचार

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त. म्हणजे जीव आज बद्ध असला तरी मुक्त होण्यास योग्य आहे. जीवाच्या या लक्षणात स्त्रीजीव आणि पुरुषजीव असे दोन प्रकार कोठेही केलेले नाहीत. स्त्रीत्व आणि पुरुषत्व ही देहाकडे लागतात, देह प्रपंचात मोडतो, आणि एकच जीव आपल्या कर्मानुसार आज या देहात तर उद्या त्या देहात येतो. हा सिद्धान्त लीळाचरित्रात प्रसंगरूपानेही आला आहे. स्त्रियांच्या अधिकाराविषयी शंका निघाली तेव्हा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उलट प्रश्न केला. त्याचा आशय असा की, पुरुषाच्या ठिकाणी तेवढा जीव आहे आणि स्त्रीच्या ठिकाणी काय एखादी लहानशी जीवली आहे?

एवढ्यावर विषय संपावयास हवा होता. तो संपत नाही, याचे कारण व्यवहारात आहे. सभेत हा सिद्धान्त मान्य करणारा एखादा वासनिक घरी गेल्यावर सुनेला चार दिवस बाहेर बसवितो, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो, आणि पत्नी सरपंच झाली असता तिच्या खुर्चीवर स्वतः बसतो. त्यास विचारले तर तो सिद्धान्त नाकारीत नाही. आचारातील एखादे वचन पुढे करतो. ‘स्वामींनीच स्त्रीपासून दूर राहावयास सांगितले आहे’ असे त्याचे उत्तर असते. तेव्हा ते वचन कोणास उद्देशून आहे आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे शास्त्ररीतीने पाहणे प्राप्त आहे.

१. वचनाचा अर्थ करण्याची रीत

स्वामींची वचने लीळांमध्ये विखुरलेली होती. ती केशिराजबासांनी वेचून सूत्रपाठात एकत्र आणली. वेचताना वचन हाती आले, परंतु ते ज्या प्रसंगी निघाले तो प्रसंग लीळेतच राहिला. म्हणून मागाहून झालेल्या टीकाकारांनी सूत्राचे प्रकरण देण्याची परंपरा सुरू केली. वचन कोणास सांगितले, कोणत्या निमित्ताने सांगितले, ऐकणाऱ्याचा अधिकार कोणता होता, या तीन गोष्टी कळल्यावाचून सूत्राचा अर्थ करू नये, अशी मार्गातील अभ्यासाची रीत आहे.

दुसरी गोष्ट दृष्टान्ताची. दृष्टान्त हा सर्वांशाने लागू होत नसतो. ज्या अंशासाठी तो योजलेला असतो, तेवढाच अंश दार्ष्टान्तिकाकडे न्यावयाचा असतो. दृष्टान्तातील सगळे गुणधर्म ओढून आणले तर अर्थाचा अनर्थ होतो.

तिसरी गोष्ट विचार आणि आचार यांच्या भेदाची. विचार वस्तूचे स्वरूप सांगतो. आचार साधकाने काय करावे आणि काय करू नये ते सांगतो. आचाराच्या वाक्यातून वस्तूचे स्वरूप काढू नये. वैद्याने रोग्यास दूध वर्ज्य सांगितले, म्हणून दूध हे विष ठरत नाही; आणि ते पथ्य शेजाऱ्याच्या हातातील पेला काढून घेऊन पाळता येत नाही. पथ्य ज्यास सांगितले त्यानेच ते पाळावयाचे असते.

२. चित्रातील स्त्री

आचाराच्या प्रकरणांत, साधकाने चित्रातील स्त्रीसुद्धा पाहू नये अशा आशयाचे वचन आहे. मादक द्रव्यांत स्त्री ही अतिमादक होय, इतर द्रव्ये सेवन केल्यावर माजवितात आणि ही केवळ दर्शनाने माजविते, असाही आशय सूत्रपाठात आहे. ही वचने कानास कठोर लागतात. निरूपणाच्या सभेत पुरुषांप्रमाणे स्त्रियाही बसलेल्या असतात, त्यांना ती अधिकच कठोर लागत असतील. म्हणून ती गाळून पुढे जाणे हा उपाय नव्हे, आणि ती मोठ्या आवाजात सांगून स्त्रियांकडे बोट दाखविणे हा तर अपराधच होय. वर सांगितलेल्या रीतीने त्यांचा अर्थ करावयास हवा.

प्रथम अधिकारी पाहावा. ही वचने घरदार, पत्नी आणि पुत्र सोडून भिक्षेवर अटन करणाऱ्या साधकाच्या आचारातील आहेत. त्याने ब्रह्मचर्य स्वीकारले आहे, आणि त्या व्रताच्या रक्षणासाठी त्यास ही सूचना आहे. न पाहण्याची क्रिया त्याची आहे. डोळे त्याचे, मन त्याचे, व्रतही त्याचेच. स्त्रीने काय करावे, कोठे जाऊ नये, किती झाकून असावे, यांविषयी या वचनात एक अक्षरही नाही.

मग चित्र हा शब्द पाहावा. सगळ्या वचनाची किल्ली या एका शब्दात आहे. चित्रातील स्त्री बोलत नाही, हसत नाही, कोणाकडे पाहत नाही. तिच्या मनात कोणताही भाव नाही, कारण तिला मनच नाही. ती भिंतीवरचा रंग आहे. तरीही साधकाने तिच्याकडे पाहू नये असे सांगितले आहे. रंगाच्या ठिकाणी दोष संभवत नाही. तेव्हा दोष पाहणाऱ्याच्या ठिकाणी आहे, हेच या शब्दाने सिद्ध होते. स्त्रीच्या वागण्यात विकाराचे मूळ शोधणाऱ्यास या वचनाने उत्तर दिले आहे. परंतु पुष्कळदा तोच ते आपल्या बाजूचे म्हणून वापरतो.

मद्याच्या दृष्टान्ताचेही तसेच. मद्य पात्रात असताना कोणास माजवीत नाही. माज हा पिणाऱ्यास चढतो. दृष्टान्ताचा योजलेला अंश एवढाच की, साधकाचे मन किती लवकर ढळते हे त्याने ओळखावे. मद्य अपवित्र म्हणून स्त्री अपवित्र, असा अंश ओढणे हे दृष्टान्ताच्या नियमाविरुद्ध आहे. आणि जीवलक्षणाच्या विरुद्ध असल्यामुळे ते सिद्धान्ताविरुद्धही आहे.

येथे आणखी एक विचार आहे. स्वामींच्या परिवारात बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा अशा अनेक स्त्रिया होत्या, आणि संन्यस्त स्त्रियांची परंपरा मार्गात अखंड आहे. ब्रह्मचर्याचा विधी त्यांनाही आहे. त्यांनी हे वचन आपल्यास लावून घेताना स्त्री या शब्दाच्या ठिकाणी पुरुष समजावा लागतो. वचन जर स्त्रीच्या स्वरूपाविषयी असते तर असा पालट करता आला नसता. तो करता येतो, त्या अर्थी वचन साधकाच्या दृष्टीविषयी आहे.

आता व्यवहारात काय झाले ते पाहावे. ‘तू आपली दृष्टी खाली कर’ असे सांगितले होते. ‘तिच्या घराचे दार बंद कर’ असे ते आचरणात आले. गावातील मुले रस्त्यात त्रास देतात म्हणून मुलीची शाळा बंद होते. त्रास देणाऱ्या मुलाची होत नाही. नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठाने गैरवर्तन केले तर नोकरी तिने सोडावी असा सल्ला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात याविषयी मार्गदर्शक नियम घालून दिले. पुढे २०१३ साली संसदेने कायदा केला, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत तक्रार ऐकण्यासाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक झाले. त्या कायद्याने संयमाचा भार गैरवर्तन करणाऱ्यावर आणि त्याच्या संस्थेवर ठेवला. सूत्राने तो भार सातशे वर्षांपूर्वीच पाहणाऱ्यावर ठेवलेला होता.

३. रजोधर्म आणि विटाळ

लीळाचरित्रातील विटाळाविषयीचे निरूपण अभ्यासकांस ठाऊक आहे. त्याचा आशय असा: देहास नऊ द्वारे आहेत. नाकातून, डोळ्यांतून, कानांतून जसा मळ निघतो, तसाच हाही एक धातू स्रवतो आणि मग थांबतो. त्याचा विटाळ धरू नये. ज्या काळी स्मृतिग्रंथांच्या आधाराने रजस्वला स्त्रीला घरात अस्पृश्य मानले जात होते, त्या काळी ही गोष्ट इतक्या साध्या शब्दांत सांगितली गेली. स्वामींनी येथे प्रायश्चित्त किंवा उपाय असे काहीही सुचविले नाही. देहधर्म हा देहधर्मच आहे, एवढेच सांगितले.

यावर पूर्वपक्ष असा की, विटाळ न मानणे हे संन्याशांसाठी आहे. गृहस्थाने लोकाचार सोडू नये. परंतु नाकाचा मळ संन्याशाचा वेगळा आणि गृहस्थाचा वेगळा नसतो. हे वचन देहाचे स्वरूप सांगते. ते कोणा एका आश्रमाचे व्रत नव्हे. आचाराचे वचन ज्यास सांगितले त्याच्यापुरते असते. स्वरूपाचे वचन सर्वांस सारखे लागते. येथे पुष्कळ घरांत उलटी रीत दिसते. भिक्षूच्या व्रताचे वचन सर्व स्त्रियांवर लादले जाते, आणि सर्वांसाठी असलेले स्वरूपाचे वचन भिक्षूंपुरते ठेवले जाते.

विटाळाची कल्पना केवळ घरातील गैरसोय नव्हे. गडचिरोली जिल्ह्याच्या काही भागांत रजस्वला स्त्रियांनी गावाकडेच्या कुर्माघरात राहण्याची रूढी आहे. त्या पडक्या खोपट्यात पावसाळ्यात साप-विंचवाची भीती आणि आजारात उपचाराचा अभाव असतो. आणि जेथे विटाळ कोणी उच्चारीत नाही, तेथेही त्या देहधर्माचा दंड स्त्रीस वेगळ्या रूपाने भरावा लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

ऊसतोडीस जाणारे पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा पतीच्या हाती येते आणि हिशेबही त्याच्याच नावे राहतो. पत्नी पहाटे उठून कोपीत भाकरी करते, दिवसभर उसाच्या मोळ्या बांधते, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरते, आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर पाण्याची आणि शौचालयाची सोय नसते. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस हे तिच्या देहाचे दुखणे राहत नाहीत, घराच्या कर्जाचे दुखणे होतात. मग पोटात दुखते म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला कर्करोगाची भीती दाखविली जाते आणि तिची पिशवी काढली जाते. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यांत पुष्कळ स्त्रिया चाळिशीच्या आतील होत्या.

सूत्राच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे धातू स्रवतो आणि थांबतो एवढीही सवड त्या देहास मिळाली नाही. कर्ज घराचे, नफा कारखान्याचा, आणि भार एका स्त्रीच्या उदरावर. गोदाकाठची ही भूमी स्वामींच्या चरणांनी पावन झालेली आहे, याचा विसर अभ्यासकांस पडू नये.

४. त्याग कोणाचा?

मार्गात ममतेच्या त्यागाला मोठे स्थान आहे. त्यावरून पूर्वपक्ष निघतो की, स्त्रियांनी वाटा मागणे, हक्क मागणे हे ममता वाढविणारे आहे. शेत आणि घर सोडावयाचेच तर बहिणीने ते आधीच सोडलेले बरे.

यास उत्तर असे: त्याग ही कर्त्याची क्रिया आहे. जे आपल्या हाती आहे त्याचाच त्याग होतो. जे कधी हाती येऊच दिले नाही त्याचा त्याग कसा होणार? आणि एकाने दुसऱ्याकडून करवून घेतलेला त्याग हा घेणाऱ्याचा लोभ असतो. भावास खरोखर वैराग्य शिकवावयाचे असेल तर त्याने स्वतःच्या वाट्यापासून आरंभ करावा.

कायद्याची वाटचाल थोडक्यात अशी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस वारस मानले, परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मुलासच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलीस जन्मतः हक्क दिला. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राने देशभर मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, त्या वेळी पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला. इतके होऊनही हक्कसोडपत्राची प्रथा चालूच आहे. भाऊबीजेची ओवाळणी आणि माहेरचे दार यांच्या बदल्यात सही घेतली जाते. सही न करणारीस माहेर तुटण्याचे भय असते. भयाने केलेली सही त्यागाच्या कोणत्याही लक्षणात बसत नाही.

विधवेच्या बाबतीतही प्रश्न हाच आहे. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या क्रिया दुसरे लोक तिच्या देहावर करतात. तिने स्वतः अलंकार सोडले तर ते वैराग्य होऊ शकेल. इतरांनी ओरबाडून काढले तर ती हिंसा होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींसही तसे आवाहन केले. महदाइसा बालविधवा होत्या. मार्गाने त्यांना अशुभ मानून दूर ठेवले नाही. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेत रिद्धपुरी धवळे गाण्याचा मान त्यांचाच होता. विवाहप्रसंगीचे मंगलगीत एका विधवेच्या मुखातून निघाले, हे लक्षात ठेवले म्हणजे या प्रथेविषयी मार्गाची वृत्ती वेगळी सांगावी लागत नाही.

सर्वांत मोठा अन्याय तो, जेथे जीवास जन्मच मिळत नाही. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि देशाने १९९४ साली. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७ च. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलावी लागली. मुंगीचा जीव जाऊ नये म्हणून पाहून पाऊल टाकणाऱ्या मार्गात, ज्या घरी मुलीचा गर्भ नको होतो त्या घरास अहिंसा कळली असे म्हणता येणार नाही.

५. मठ, ग्राम आणि सभा

घराचा जो न्याय तोच संस्थेचा. मार्गाच्या इतिहासात स्त्रियांचे स्थान उपकाराचे नाही, आधाराचे आहे. म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांस विचारून, आणि त्यांत स्त्रिया होत्या. लीळाचरित्राची पोथी धाडीत नष्ट झाल्यावर हिराइसांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाला, असे परंपरा सांगते. केशिराजबासांनी संस्कृतात रचना करू लागताच आचार्य श्रीनागदेवांनी त्यांस थांबविले. त्याने आपल्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथाची भाषा ठरविताना आचार्यांनी विद्वानांची सभा डोळ्यांपुढे ठेवली नाही, म्हाताऱ्या ठेवल्या. महदाइसा सतत प्रश्न विचारीत आणि त्यांची जिज्ञासा मार्गात गौरविली गेली. प्रश्न विचारणारी स्त्री ही मार्गाला नवी नाही.

म्हणून प्रत्येक मठाने स्वतःस काही गोष्टी विचाराव्यात. स्वयंपाक आणि सडासंमार्जन कोणाच्या वाट्यास आहे? पोथीचे अध्यापन तपस्विनींस तितकेच मिळते काय, जितके तरुण साधूंस मिळते? सभेत निरूपणास त्यांस कितीदा बसविले जाते? मठाच्या मालमत्तेचा विचार होतो तेव्हा त्यांस बोलाविले जाते काय? जेथे उत्तरे समाधानकारक असतील तेथे आनंद आहे. जेथे नसतील तेथे आचार्यांच्या त्या म्हाताऱ्या पुन्हा वंचित होत आहेत.

सार्वजनिक जीवनात त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांस एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. विधानसभा आणि लोकसभेतील एक तृतीयांश जागांसाठीची घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. ग्रामपातळीवर याचा लाभ पुष्कळ झाला. पाणी, शाळा, दारूचे दुकान हे विषय ग्रामसभेत स्त्रियांनी आणले. परंतु त्याचबरोबर ‘सरपंचपती’ नावाचे एक पद निर्माण झाले, जे कोणत्याही कायद्यात नाही. सही तिची, निर्णय त्याचा, आणि चूक झाली तर चौकशी तिची. दूध संस्थेतही असेच दिसते. म्हैस तिने पाहावी, धार तिने काढावी, आणि सभासदाच्या वहीत नाव त्याचे. येथेही भार एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, हेच विषमतेचे लक्षण आहे.

६. सार

विधी ज्यास सांगितला, त्याचा भार त्याच्यावरच असतो. तो भार उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे यालाच घरात रूढी म्हणतात, संस्थेत शिस्त म्हणतात आणि गावात मर्यादा म्हणतात. पुरुषाच्या दृष्टीचा भार स्त्रीच्या पदरावर, घराच्या शुचित्वाचा भार तिच्या चार दिवसांवर, कर्जाचा भार तिच्या उदरावर, आणि भावाच्या सुखाचा भार तिच्या सहीवर आला आहे. यांपैकी एकही भार सूत्राने तिच्यावर ठेवलेला नाही.

अभ्यासकांनी पुढील गोष्टी आपापल्या ठिकाणी पडताळून पाहाव्यात:

१) आचारातील कोणते वचन आपण स्वतः पाळतो, आणि कोणते केवळ दुसऱ्यास ऐकवितो?
२) आपल्या घरी विटाळ मानला जातो काय? असल्यास तो लीळेतील कोणत्या वचनाच्या आधाराने?
३) घराच्या सात-बारा उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, आणि कोणाचे नाव कसे कमी झाले?

या तीन प्रश्नांची उत्तरे निरूपणाच्या सभेत सांगावी लागत नाहीत. ती ज्याची त्याने आपल्या अंतःकरणात द्यावयाची आहेत. आणि उत्तर चुकले असेल तर दुरुस्ती मात्र घरी, सर्वांच्या देखत करावयाची आहे.